आधी कॅल्क्युलस

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

कम्युनिटी कॉलेजच्या मेसा सेंटरमध्ये, म्हणजे सायन्स-इंजिनिअरिंगच्या गरजू मुलांना मदत करणाऱ्या केंद्रात, रुजू झालीस हे ताईकडून कळलं. फार बरं वाटलं. इथे कॅलिफोर्नियात केमिस्ट्री शिकवताना माझा निम्मा वेळ ट्रान्सफरच्या, म्हणजे मुलांना कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात धाडण्याच्या, भानगडीतच जातो, म्हणून तू न विचारताच लिहितेय.

तू पॉलिटेक्निक करून डायरेक्ट सेकंड इयरला गेलेली. तिथे कॅप राउंड असतो, डिप्लोमा अख्खा मोजला जातो. इथे एकेक कोर्स मोजतात. तुमच्या कॉलेजचा कुठला कोर्स यूसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, कुठल्या कॅम्पसला, कुठल्या विषयासाठी चालतो, याचे करार असिस्टच्या साइटवर असतात. विद्यार्थी पहिल्यांदा समोर बसला की ते पान उघड. तुझ्याकडे येणारी बरीच लॅटिनो आणि कृष्णवर्णीय मुलं घरातून कॉलेजला जाणारी पहिलीच. असं काही पान असतं हे त्यांना सांगणार कोण?

मग तो म्हणेल, "आधी सोपे जनरल एज्युकेशनचे विषय उरकतो, सायन्स नंतर." हे त्याला कुणीतरी मोठ्या माणसानेच सांगितलेलं असतं. मला अजिबात पटत नाही. कॅल्क्युलसशिवाय इंजिनिअरिंगचं फिजिक्स नाही, जनरल केमिस्ट्रीशिवाय ऑरगॅनिक नाही, आणि दोन्हींना एकेक वर्ष लागतं. पहिलं वर्ष इतिहास-समाजशास्त्रात गेलं तर ट्रान्सफरला लागणारी ६० युनिट (क्रेडिट) पुढे भरतात खरी, पण विषयाची तयारी अर्धीच. युनिटला ४६ डॉलर ही फी स्वस्त आहे. रात्री गोदामात काम करून दिवसा लॅबला येणाऱ्याचं वाढीव वर्ष स्वस्त नसतं.

टॅगचं, म्हणजे यूसीच्या ट्रान्सफर-हमीचं, लक्षात ठेव. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ हे सहा कॅम्पस अटी पूर्ण केल्यास प्रवेशाची हमी देतात. अर्ज सप्टेंबरातच, आणि एकाच कॅम्पसला. काही विषयांना ही हमी नाही. मुख्य अर्ज वेगळा भरायचा. तो विसरणारे दरवर्षी भेटतात.

एक नाजूक गोष्ट. एनएसएफ या सरकारी विज्ञानसंस्थेच्या आरईयू या उन्हाळी संशोधन-कार्यक्रमात कामाचे पैसे मिळतात. मुलांना वाटतं फुकट राबायचं, म्हणून ती अर्जच करत नाहीत. तेव्हा सगळ्यांना सांग. पण आरईयू फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी असते, आणि वर्गात कागदपत्रं नसलेलीही मुलं असतात. कुणी अर्ज भरला नाही तर खोदून विचारू नकोस, चारचौघांत तर नाहीच. कुणी आपणहून बोललं तर एबी ५४० सांग. २००१ च्या या कायद्याने अटींत बसणाऱ्यांना राज्यातल्या विद्यार्थ्यांइतकीच फी पडते.

प्रवेश मिळाला की आपलं काम संपलं असं समजू नकोस. डायरेक्ट सेकंड इयरला गेल्यावर तुला एम-थ्रीने (गणिताच्या तिसऱ्या पेपरने) कसं रडवलं होतं! बर्कली आणि मर्सेड सोडले तर यूसीत दहा आठवड्यांचं क्वार्टर असतं. सेमिस्टरची सवय असलेलं मूल स्थिरावेपर्यंत मिडटर्म येऊन ठेपते. गेलेल्यांचे नंबर ठेव, ऑक्टोबरअखेर फोन कर.

सप्टेंबर लागायच्या आत एखाद्या रविवारी ये. लॅपटॉप आण, तुमच्या कॉलेजचे केमिस्ट्रीचे करार मी स्वतः बघते.

तुझी,
मावशी