सातवं प्रकरण कोणाचं?

प्रिय ताई,

मी २० वर्षांची आहे, नाशिकला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. दीड वर्ष खपून एक कादंबरी लिहिली आहे, अकरावी-बारावीतल्या तीन दोस्तांची. सातव्या प्रकरणात त्यांतला एक मुलगा गोदाघाटावर पूर बघताना मैत्रिणीला सांगतो की त्याला मुलं आवडतात. माझ्या जिवलग मित्रानं मला हे खरंच सांगितलं होतं, अशाच पुराच्या दिवशी. त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नव्हते. कादंबरीत मी नाव, आडनाव, कॉलेज, सगळं बदललं. त्याला वाचायला दिली, तर तो आता फोनच उचलत नाही. एक प्रकाशक छापायला तयार आहेत, महिनाअखेरीला अंतिम प्रत मागताहेत. आमच्या ग्रुपमधल्या तिघांनी वाचली, तिघंही म्हणतात सातवं प्रकरणच सगळ्यात भारी. ते काढलं तर उरतं काय? मी इतकं चुकले का? प्रकरण सोबत पाठवते आहे.

– लिहिणारी मुलगी

प्रिय मुली,

हो, चुकलीस. तू सरळ विचारलंस म्हणून सरळ सांगते. लिहिलंस यात चूक नाही. मनात जे साठतं ते कागदावर उतरणारच, आणि ते तुझ्या वहीत राहिलं असतं तर त्यावर कोणाचाच हक्क नव्हता. चूक झाली ती वही दुसऱ्यांच्या हातात गेली तेव्हा. त्या तिघांनी त्याच्या आधी वाचली की नंतर, हे तू लिहिलेलं नाहीस. मला वाटतं, आधी. आणि त्याला ते कळलंय.

नाव बदललं म्हणतेस. मी प्रकरणाची पहिली दोन पानं वाचली. पाणी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला लागलंय, पुलावर बघ्यांची गर्दी आहे, हातात भाजलेलं कणीस आहे आणि तो मुलगा रेनकोटच्या टोपीची दोरी दातात धरून उभा आहे. सुंदर लिहिलंयस, अगदी मनापासून सांगते. पण मारुतीच्या छातीपर्यंत पाणी कोणत्या वर्षी आलं होतं हे नाशिककर बोटांवर मोजून सांगतो. आणि ती दोरी? ती त्याची आई ओळखेल. लहानपणापासून त्याच्या तोंडातून तिनंच ती शंभरदा ओढून काढली असेल.

तू म्हणशील, आता काळ बदललाय. बदललाय खरा. ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ बाबत निकाल दिला आणि दोन सज्ञान माणसांचं संमतीचं समलिंगी प्रेम गुन्हा राहिलं नाही. पण न्यायालयाचा निकाल आपल्या पायांनी उंबरा ओलांडून घरात येत नाही. तुझा मित्र अजून आईवडिलांच्या घरात राहत असेल, फी तेच भरत असतील. कोणाला सांगायचं, कधी सांगायचं, आधी बहिणीला की आधी बाबांना, हे त्याचं त्यानं ठरवायचं आहे. पुस्तक छापून आलं की ते ठरवणं त्याच्या हातातून जातं. त्यानं पुराच्या गर्दीत, आवाज कोणापर्यंत पोचणार नाही अशा जागी, एकट्या तुला सांगितलं होतं. जागा त्यानं विचार करून निवडली होती.

आता तुझा खरा प्रश्न, की उरतं काय.

पत्रात तू एक वाक्य सहज लिहून गेलीस: 'त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नव्हते.' तुझ्या त्या दोन पानांत असं काही घडेल अशी चाहूलही नाही. तुझी नायिका शहाणी आहे, समजूतदार आहे, मित्राच्या पाठीवर हात ठेवायला आधीपासूनच तयार आहे. मला ती पटली नाही. घरी येऊन ताटावरून उठलेली मुलगी मात्र पटली. का नाही जेवलीस गं? माझा अंदाज चुकीचा असेल तर सोडून दे, पण मला वाटतं तुझं त्याच्यावर प्रेम होतं, आणि त्यानं विश्वासानं जे सांगितलं त्याच वाक्यात तुझं काहीतरी संपलं. त्याच्यासाठी आनंद, स्वतःसाठी दुःख, आणि दुःख झालं याची लाज, हे सगळं एकाच संध्याकाळी. हे तुझं आहे. यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, आणि हे तू सोडून दुसरं कोणी लिहू शकत नाही. त्याच्या गुपिताच्या आड तू स्वतःचं गुपित झाकून ठेवलंस, असं मला वाटतं. कादंबरीला गरज तुझ्या गुपिताची आहे.

तुझ्याच गावातले तात्यासाहेब शिरवाडकर आठव. कवितेसाठी त्यांनी नाव घेतलं कुसुमाग्रज, म्हणजे बहीण कुसुम हिचा थोरला भाऊ. तुझ्या कादंबरीवर तुझं नाव असेल. पण त्या पानांवर तू त्याची कोण आहेस, हे छापण्याआधी ठरवावं लागेल.

या आठवड्यात एवढं कर. त्या तिघांकडून प्रती परत घे, फोनमधल्या फायली तुझ्यासमोर डिलीट करायला लाव, आणि विषय इथंच थांबवा असं स्पष्ट सांग. प्रकाशकांना कळव की सातवं प्रकरण बदलतंय, वेळ लागेल. नाही थांबले तर न थांबोत. मग त्याला एक मेसेज पाठव: न विचारता लिहिलं, चुकले, प्रकरण काढलं, प्रती परत घेतल्या. त्यात 'पण' हा शब्द कुठंही येऊ देऊ नकोस. 'वाचून बघ ना, किती प्रेमानं लिहिलंय' हेही नको. उत्तराची वाट बघ, मागे लागू नकोस. पुढे कधी त्याला स्वतःला वाटलं की हे लिहिलं जावं, तर तो सांगेल. तू विचारू नकोस.

आणि एक. बातमी त्याच्या घरापर्यंत गेलीच असेल, कोणी त्याला 'बरं करायला' डॉक्टरकडे न्यायचं म्हणत असेल, तर त्याला हे माहीत असू दे: हा आजार नाही, आणि असले उपचार करणं हे २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवलं आहे. रात्री-अपरात्री बोलायला कोणी नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे. त्या मेसेजच्या खाली हा नंबर टाकलास तरी चालेल.

तू पाठवलेलं प्रकरण मी दुसऱ्या पानावर थांबवलं, तो मुलगा बोलायला तोंड उघडतो तिथं. पुढचं वाचलं नाही, फाइल काढून टाकली. नवं सातवं प्रकरण लिहून झालं, ती न जेवलेली मुलगी त्यात आली, की मात्र नक्की पाठव. ते मी शेवटपर्यंत वाचेन.

– तुझी ताई