ब्लॉकची वेळ कमी करण्याआधी

इंदूरमधून कुणी बिटकॉइनसारख्या ब्लॉकचेनच्या विषयात शिरतंय, याचा फार आनंद झाला. दर दहा सेकंदांनी नवा ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा) काढायचा तुझा बेत मात्र जरा थांबव. नवखे सगळ्यात आधी हीच चूक करतात.

ब्लॉक जगभर पोचायला वेळ लागतो. इंदूरचा ब्लॉक आइसलँडला पोचण्याआधीच तिथे दुसरा निघाला, तर दोघांपैकी एक वाया जाणार. ब्लॉक काढायला कॉम्प्युटरनी केलेली, पण वाया गेलेली मेहनत ब्लॉकच्या साखळीचं रक्षण करत नाही. मग हल्लेखोराला एकूण कॉम्प्युटर-ताकदीच्या निम्म्याहून कमी ताकदही पुरते. शिवाय मोठ्या पूलला (एकत्र ब्लॉक काढणाऱ्या मायनरच्या गटाला) स्वतःचा ब्लॉक सर्वांआधी कळतो, त्यामुळे छोटे मायनर मागे पडतात. विकेंद्रीकरण गळायला लागतं ते इथे.

ब्लॉक भरमसाट मोठे केले तरी तेच, वर घरच्या साध्या कॉम्प्युटरवर नोड (साखळीची प्रत ठेवून ती तपासणारा प्रोग्राम) चालवणं जड जातं. आणि मशीन वाढवून वेग टिकत नाही: बिटकॉइन दर २०१६ ब्लॉकनंतर काठिण्य (ब्लॉक काढणं किती अवघड, ते) बदलून सरासरी पुन्हा १० मिनिटांवर आणतं.

सध्या एवढंच कर:

- बिटकॉइन कोअर (बिटकॉइनचं मुख्य सॉफ्टवेअर) रेगटेस्टमध्ये, म्हणजे स्वतःच्या मशीनवरच्या खाजगी चाचणी जाळ्यात चालव. दोन नोड जोड, मग तोड. एकीकडे दोन, दुसरीकडे तीन ब्लॉक काढ आणि परत जोड. दोन ब्लॉकची फांदी कशी सोडून दिली जाते, ते लॉगमध्ये नीट बघ.
- मग बीआयपी १५२ (बिटकॉइन सुधारणेचा एक प्रस्ताव) वाच. नोडकडे आधीच असलेले व्यवहार पुन्हा न पाठवता फक्त त्यांच्या छोट्या खुणा पाठवायच्या, ही कल्पना मला अजूनही फार आवडते.

घोस्ट, डॅग वगैरे (वेगवान ब्लॉकसाठीच्या वेगळ्या रचना) नंतर. लॉग कळला नाही तर इथेच टाक, बघू.