खाल्लेलं मीठ कुणाचं?

"मॅडम, कोर्स झाला, परीक्षा झाली, कायदा पाठ आहे. पण बोर्डाच्या मीटिंगमध्ये तोंडच उघडत नाही."

गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की पुढचं मीच सांगू शकते. बोलणारे, म्हणजे माझ्याकडे मार्गदर्शनाला येणारे, बहुतेक निवृत्त अधिकारी, सीए, प्राध्यापक. कुठल्या तरी कंपनीवर स्वतंत्र संचालक म्हणून, म्हणजे मालक-व्यवस्थापनाशी हितसंबंध नसलेले, बाहेरून घेतलेले बोर्ड सदस्य म्हणून नुकतेच गेलेले. त्यांतल्या एकांची गोष्ट त्यांच्या परवानगीने, ओळख पुसून सांगते. बँकेत सगळे त्यांना साहेब म्हणत, मीही तेच म्हणते.

साहेब पहिल्या भेटीला जाडजूड फाइल घेऊन आले. स्वतंत्र संचालकांची अधिकृत यादी ठेवणाऱ्या मानेसरच्या सरकारी संस्थेच्या डेटाबँकेतली नोंदणी, ऑनलाइन परीक्षेचा निकाल, दोन नामांकित संस्थांची प्रमाणपत्रं. आणि प्रश्न: "अजून एक कोर्स करू का?"

मी नको म्हटलं. 'सत्यम' या सॉफ्टवेअर कंपनीच्या संचालकांमध्ये हार्वर्डचे प्राध्यापक होते. तरीही 16 डिसेंबर 2008 ला प्रवर्तकांच्या कुटुंबाशी संबंधित 'मायटास' कंपन्या घेण्याचा ठराव त्या बोर्डाने मंजूर केला. भागधारक खवळले म्हणून तो मागे घ्यावा लागला, आणि 7 जानेवारी 2009 ला हिशेबातल्या घोटाळ्याचं अध्यक्षांचं कबुलीपत्र आलं. ज्ञान कमी पडलं असं तिथे कोण म्हणेल? कोर्स वाईट नसतात. जबाबदारी काय, ते शिकवतात. ती पार पाडताना घशात काय अडकतं, ते अभ्यासक्रमात नसतं.

काही सहकारी अशा वेळी थेट बोलण्याचा सराव करून घेतात. माझा कल वेगळा आहे. माणूस गप्प बसतो तो कुठल्या तरी नात्यात गप्प बसतो, ते नातं सापडेपर्यंत मी सरावाला हात लावत नाही.

साहेबांचं नातं तिसऱ्या भेटीत सापडलं. कंपनीच्या अध्यक्षांना सगळे 'भाऊ' म्हणतात. भाऊंच्या मुलाच्या फर्मचं गोदाम कंपनीने भाड्याने घ्यायचं, असा विषय ऑडिट कमिटीपुढे, म्हणजे असे व्यवहार तपासणाऱ्या बोर्डाच्या समितीपुढे, होता. साहेबांना भाडं जास्त वाटत होतं.

"बँकेत भाऊंची फाइल यायची?"

"यायची. लाल शाईने शेरे मारून परत पाठवायचो."

"मग आता शाई संपली?"

ते हसले नाहीत. "तेव्हा मी टेबलाच्या अलीकडे होतो. आता त्यांनी बोलावलंय मला. मीटिंग झाली की त्यांच्याकडे जेवण असतं, वहिनी स्वतः वाढतात. खाल्ल्या मिठाला जागायला नको?"

इथे मी घाई केली नाही. उपकाराची जाणीव हा दोष नाही, ती काढून टाका म्हणणं म्हणजे माणसाला अर्धा करणं. मी एवढंच म्हटलं, "पुढच्या वेळी पासबुक घेऊन या."

बँकेचा माणूस, पासबुक छापून आणलं. मीटिंग भत्त्याची नोंद शोधायला लावली आणि पैसे कुणाकडून आले ते मोठ्याने वाचायला सांगितलं. त्यांनी कंपनीचं नाव वाचलं. मग बोट त्याच ओळीवर ठेवून बराच वेळ बसले. बाहेर रिक्षावाल्यांचं भांडण चाललं होतं, तेवढं ऐकू येत होतं.

"भाऊंचं नाव नाहीये," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "मीठ कंपनीचं आहे. म्हणजे ज्याने शंभर शेअर घेतलेत त्याचंही."

पंचवीस वर्षांच्या कामात असे क्षण बोटांवर मोजण्याइतके आले. उपकार फेडायची त्यांची वृत्ती तशीच राहिली, फक्त पत्ता बदलला. 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 166 हेच सांगतं: संचालकाने कंपनीच्या, भागधारकांच्या, कामगारांच्या, समाजाच्या हितासाठी वागायचं. साहेबांना ते पाठ होतं. पासबुकात दिसल्यावर पटलं.

पुढचं सोपं होतं, म्हणून थोडक्यात. तुम्हीही अशा खुर्चीवर असाल तर उपयोगी पडेल. मीटिंगची सूचना किमान सात दिवस आधी येते. न कळलेल्या मुद्द्यावर कंपनी सेक्रेटरीला आधीच फोन करा, त्यात कमीपणा नाही. प्रश्न माणसाला न विचारता कागदाला विचारा: "तुम्ही भाडं का वाढवलं?" ऐवजी "हा दर कुणी तपासला?" उत्तर पटलं नाही तर आपली हरकत इतिवृत्तात लिहायला सांगा. मीटिंगनंतर इतिवृत्ताचा मसुदा पंधरा दिवसांत येतो, त्यावर म्हणणं मांडायला सात दिवस मिळतात. मसुदा न वाचता सोडू नका. स्वतंत्र संचालकांची वर्षातून एक तरी बैठक व्यवस्थापनाशिवाय व्हायला हवी. ती चहापुरती उरकू नका. आणि "मला काय माहीत" ही ढाल कच्ची आहे. बोर्डाच्या कागदांतून जे तुम्हाला कळलं, त्यावर पुरेशी काळजी घेतली नसेल तर स्वतंत्र संचालकही जबाबदार धरला जातो.

साहेबांनी प्रश्न विचारला. आवाज कापला म्हणे. भाऊ क्षणभर बघत राहिले, मग विषय बाहेरच्या मूल्यांकनासाठी पुढे ढकलला गेला. मसुद्यात मात्र साहेबांची हरकत नव्हती. त्यांनी चौथ्या दिवशी मेल पाठवून ती घालून घेतली. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जुने शेरेवाले साहेब दिसले, आणि मला, खोटं कशाला बोलू, जरा मिरवावंसं वाटलं.

"मग त्या दिवशी जेवलात?" मी विचारलं.

"जेवलो की. आमटी अळणी होती. वहिनींना तेही सांगितलं."