ऊन आणि नॅनोमटेरियल वापरून डाईचं सांडपाणी खरंच साफ होतं का? एमएस्सी प्रोजेक्टला कुठलं मटेरियल घेऊ?

रंग जातो. पाणी साफ होतं की नाही हा वेगळा प्रश्न, आणि त्याच्यावरूनच माझं गाइडशी वाजलं होतं म्हणून एवढं लिहितोय.

आम्ही इचलकरंजीचे, मामा प्रोसेसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, कामाला. लॅबमध्ये सगळे मिथिलीन ब्ल्यू हा निळा डाई घ्यायचे, १० पीपीएम (लिटरला १० मिलिग्रॅम), त्यात कॅटॅलिस्ट म्हणून, म्हणजे उजेडात डाई तोडायला, टायटॅनियम डायऑक्साइडची नॅनो पावडर टाकायची, बीकर गच्चीवर उन्हात ठेवायचं, रंग उडाला की ग्राफ आणि पेपर. मी म्हटलं खरं पाणी आणतो. मामांनी रिॲक्टिव्ह डाईंगचं पाणी कॅन भरून दिलं, काळपट लाल, पीएच ११ च्या आसपास, मीठ आणि सोडा भरपूर. दिवसभर उन्हात ढवळलं तरी ढिम्म फरक नाही. पडणार कसा, एवढ्या गडद पाण्यात ऊन आत शिरतच नाही, आणि डाई तोडणारे जे हायड्रॉक्सिल रॅडिकल थोडेफार तयार होतात ते मीठ-सोड्यातले क्लोराइड आणि कार्बोनेटच खाऊन टाकतात. मग पाणी खूप पातळ केलं, पीएच खाली आणला, तेव्हा कुठे संध्याकाळपर्यंत रंग गेला, पण सीओडी (पाण्यातली घाण पूर्ण जाळायला किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप) काढला तर अर्ध्याहून जास्त तसाच! म्हणजे डाईचा रेणू तुटला पण तुकडे पाण्यातच राहिले. सर म्हणाले हे थिसिसमध्ये नको, पेपर अडकेल. अहो पण नदीत सोडायच्या पाण्याला सीओडीची मर्यादा आहे ना, लिटरला २५० मिलिग्रॅम, की नुसता रंग बघून पंचगंगेत सोडायचं? मी अजूनही तेच म्हणतो.

मटेरियलचं म्हणशील तर टायटॅनियम डायऑक्साइडला यूव्ही लागतं, उन्हात ते जेमतेम ४-५ टक्के. कार्बन नायट्राइड घे, ते दिसणाऱ्या उजेडातही चालतं. झिंक ऑक्साइड ॲसिडमध्ये विरघळतं, जपून. मिथिलीन ब्ल्यू स्वतःच उजेड शोषतं आणि त्यानेच थोडं फिकट होतं, त्यामुळे कॅटॅलिस्ट न टाकलेलं एक बीकर उन्हात आणि कॅटॅलिस्ट टाकलेलं एक अंधारात ठेवच. आणि गाइड काहीही म्हणोत, सीओडी नाहीतर टीओसी (पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन) काढल्याशिवाय "डिग्रेडेशन" हा शब्द लिहू नकोस, "रंग गेला" एवढंच लिही.

बाकी मी ह्या टेक्निकच्या विरोधात नाही हं. बायोलॉजिकल ट्रीटमेंटनंतर जो फिकट रंग उरतो तो काढायला हे चांगलं पडतं, फक्त काचेवर कोटिंग करून वापर, नॅनो पावडर पाण्यातून परत गाळून काढणं फार जिकिरीचं असतं.