हेल्थ पॉलिसीत पीएचडी: कोर्सवर्क टाळू का, सेमिनारला काय करू?

प्रश्न: नमस्कार, मी डॉक्टर आहे, काही वर्षं प्रॅक्टिस करून आता हेल्थ पॉलिसीत पीएचडीला ॲडमिशन घेतलीये. वाटलं होतं लगेच रिसर्च सुरू होईल, पण इथे आधी स्टॅटिस्टिक्स, इकॉनॉमिक्स, पॉलिटिकल सायन्सचे कोर्सेस, वर दर आठवड्याला सेमिनार सक्तीचा आणि त्याला मार्कही नाहीत. मेडिकलचं एवढं शिकल्यावर हे सगळं खरंच करायला हवं का? सूट मागू का?

उत्तर: एपिडेमिऑलॉजी (लोकसंख्येत आजार कसे आणि का पसरतात याचा अभ्यास) आधी नीट झालं असेल तर त्याच्या बेसिक कोर्सची सूट जरूर मागा, तिथे वेळ घालवू नका. पण कॉजल इन्फरन्सची, म्हणजे एखादा परिणाम नेमका त्याच गोष्टीमुळे झाला का हे ठरवायच्या कोर्सची, सूट कोणी देऊ केली तरी घेऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगतेय. तुमची सवय समोरच्या पेशंटला बघायची, आणि पॉलिसीत विचारायचं असतं की ही योजना आलीच नसती तर याच लोकांचं काय झालं असतं. आता विमा असलेले आणि नसलेले लोक नुसते शेजारी ठेवून तुलना केली तर काहीच कळत नाही, कारण आजारी माणूस विमा जास्त शोधतो आणि चांगली नोकरी असलेल्याला तो आपोआप मिळतो, दोन्ही गोष्टी एकदमच चालू असतात.

अमेरिकेत ओरेगॉन राज्यात 2008 मध्ये मेडिकेडच्या, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, जागा कमी आणि अर्ज खूप, म्हणून लॉटरी काढली, आणि त्यामुळे संशोधकांना खरीखुरी तुलना करता आली. दोनेक वर्षांनी दिसलं काय, तर विमा मिळालेल्यांचा उपचारांचा वापर वाढला, डिप्रेशन कमी झालं, दवाखान्याच्या खर्चाचं ओझं हलकं झालं, पण ब्लड प्रेशर आणि कोलेस्टेरॉलमध्ये ठोस म्हणावा असा फरक सापडला नाही. मग विमा फुकट गेला म्हणायचं का? अजिबात नाही, पण हे उत्तर नीट वाचायला कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पल्ला) काय सांगतो, लॉटरी लागूनही ज्यांनी विमा घेतलाच नाही त्यांचं गणितात काय करायचं, हे कळायला लागतं. आणि लॉटरी रोज कुठे मिळते, म्हणून तर डिफरन्स इन डिफरन्सेस, रिग्रेशन डिस्कंटिन्युइटी वगैरे लॉटरीशिवाय तुलना करायच्या पद्धती शिकवतात.

इकॉनॉमिक्सचं म्हणाल तर अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांचा 1963 चा पेपर आधी वाचा. आजार कधी येईल माहीत नाही, उपचार बरोबर की चूक हे पेशंटला ठरवता येत नाही, म्हणून आरोग्याचा बाजार बाकी बाजारासारखा चालत नाही, असा तो मुद्दा, आणि डॉक्टर म्हणून तुम्हाला तो लगेच पटेल. पॉलिटिकल सायन्सही सोडू नका, पुरावा भक्कम असूनही धोरण का बदलत नाही याचं उत्तर तिथेच मिळतं.

आता सेमिनार. मार्क नाहीत म्हणून लोक मागे बसून मेल बघतात, वाईट वाटतं बघून. थीसिसचा प्रश्न घडतो तो इथेच. पेपर आधी वाचून जा, ॲबस्ट्रॅक्ट नाही, मेथड्स आणि टेबल्स वाचा, आणि एक तरी प्रश्न लिहून न्या. स्वतःचं काम पूर्ण व्हायची वाट बघू नका, पहिल्याच वर्षी एका पानाची कल्पना मांडा, डेटा हातात नसला तरी चालेल. डेटा साफ करण्यात सहा महिने गेल्यावर कोणी म्हणालं की तुमचा कंट्रोल ग्रुपच (ज्यांच्याशी तुलना करताय तो गट) चुकलाय, तर काय उपयोग? कोर्सचे टर्म पेपरसुद्धा याच प्रश्नाभोवती लिहा, म्हणजे प्रपोजलची बरीच तयारी तिथेच होऊन जाईल.

प्रश्न: मी इकॉनॉमिक्समधून आलेय, सेमिनारमध्ये डॉक्टर मंडळी बोलायला लागली की गप्पच बसते. इलेक्टिव्ह कोणता घेऊ?

उत्तर: एपिडेमिऑलॉजी घ्या, आणि हॉस्पिटलला पैसे कसे मिळतात यावर कोर्स असेल तर तोही. दर तपासणीमागे पैसे, माणशी ठरलेली रक्कम, की आजाराच्या गटानुसार एकरकमी, यावर हॉस्पिटलचं वागणं बदलतं, आणि क्लेम्स डेटातल्या, म्हणजे विम्याकडे पाठवलेल्या बिलांतल्या, नोंदीही बदलतात. एखाद्या निदानाचे आकडे अचानक वाढले तर आजार वाढला की बिलात निदानाचा कोड लावायची पद्धत बदलली, हा प्रश्न सेमिनारमध्ये बिनधास्त विचारा, डॉक्टरांना वॉर्डातलं माहीत असतं आणि तुम्हाला इन्सेंटिव्ह, म्हणजे पैशामुळे कोण कसं वागतं ते, कळतात, दोघांनी मिळूनच त्याचं उत्तर निघतं. आणि शक्य असेल तर थीसिस कमिटीत एक क्लिनिशियन, म्हणजे पेशंट बघणारा डॉक्टर, आत्ताच बघून ठेवा.