प्लेटलेट चिकटतात कशा? हा प्रश्न फिजिक्सचाही आहे

प्रश्न : मी इचलकरंजीची, टी.वाय.बी.एस्सी. फिजिक्सला आहे. धाकट्या भावाचा घोळणा वारंवार फुटायचा. प्लेटलेटचा आकडा नॉर्मल, तरी रक्त थांबायचं नाही. शेवटी व्हॉन विलेब्रँड आजार असल्याचं कळलं. तेव्हापासून वाहत्या रक्तात प्लेटलेट चिकटतात कशा, हे वाचतेय आणि त्यातच पुढे शिकायचं आहे. घरचे म्हणतात, फिजिक्सवाल्यांचं ते काम नव्हे, त्यापेक्षा लॅब टेक्निशियनचा डीएमएलटी कोर्स कर. माझी तीन वर्षं वाया गेली का?

उत्तर : एक दिवसही वाया गेलेला नाही. तू विचारलेल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर फिजिक्समध्येच आहे.

पंचगंगेला पाणी चढलं की मधली धार जोरात जाते आणि जलपर्णी काठाला सरते, हे तू पाहिलं असशील. रक्तवाहिनीतही तांबड्या पेशी मध्यभागी गर्दी करतात आणि जेमतेम 2-3 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) प्लेटलेट भिंतीकडे ढकलल्या जातात. कारणं वेगळी आहेत, पण चित्र डोळ्यांसमोर यायला एवढं पुरे. भिंतीला अगदी टेकून रक्ताचा वेग शून्य असतो आणि आत जाऊ तसा तो वाढतो. किती झपाट्याने वाढतो, तो शिअर रेट. शिरांमध्ये तो सेकंदाला साधारण 20 ते 200 असतो, बारीक धमन्यांत हजाराच्या पुढे जातो आणि चरबीने अरुंद झालेल्या हृदयाच्या धमनीत 10,000 पर्यंतही पोचतो.

एवढ्या ओढीत प्लेटलेटला जखमेपाशी नुसतं थांबणंही अवघड. तिथे व्हॉन विलेब्रँड फॅक्टर लागतो. हे लांबलचक प्रथिन एरवी दोऱ्याच्या गुंड्यासारखं गुंडाळलेलं असतं. जखमेत उघड्या पडलेल्या कोलॅजनला, म्हणजे वाहिनीच्या भिंतीतल्या धाग्यांसारख्या प्रथिनाला, ते चिकटतं, प्रवाह त्याला ताणतो आणि आत दडलेली पकडीची जागा उघडी पडते. प्लेटलेट ती पकडते, सुटते, पुन्हा पकडते आणि गडगडत हळू होते. मग कोलॅजनमुळे ती जागी होते, आकार बदलते आणि आतली रसायनं सोडून इतरांना बोलावते. त्यानंतर फायब्रिनोजेन या रक्तातल्या प्रथिनाच्या दुव्याने प्लेटलेटला प्लेटलेट जोडली जाऊन गुठळी बनते. संथ प्रवाहात या फॅक्टरवाचून बरंच निभावतं, वेगवान प्रवाहात नाही. 1926 साली फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रँड यांनी ओलांड बेटांवरच्या एका कुटुंबातला हा आजार नोंदवला, तेव्हा त्या रुग्णांच्याही प्लेटलेटची संख्या ठीकच होती. तुझ्या भावाच्या रिपोर्टने तुम्हाला चकवलं ते यामुळेच. मोजणी प्लेटलेट किती आहेत ते सांगते, त्यांना पकडायला काही आहे का ते सांगत नाही.

प्लेटलेटचं काम तपासायची जुनी पद्धत 1962 ची. काचेच्या नळीत प्लेटलेट असलेला प्लाझ्मा, म्हणजे तांबड्या पेशी काढलेला रक्ताचा द्रव, ढवळायचा आणि प्रकाश किती आरपार जातो ते मोजायचं. फार उपयोगी तपासणी आहे, पण तिच्यात ना भिंत, ना तांबड्या पेशी, ना खरा प्रवाह. म्हणून आता केसाएवढ्या वाहिन्या कोरलेल्या सिलिकॉनच्या चिपमधून रक्त सोडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुठळी वाढताना पाहतात. ती चिप आखणं, प्रवाह मोजणं, चित्रांतून आकडे काढणं ही तुझ्या विषयाची कामं आहेत.

डीएमएलटी हा चांगला कोर्स आहे. घरी लवकर पगार लागणार असेल तर निःसंकोच कर. पण तुझा प्रश्न तिथे पुढे सरकणार नाही. त्यासाठी जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी. फिजिक्स कर, प्रकल्प बायोफिजिक्समधला घे आणि मग पीएच.डी.साठी आयआयटी मुंबईच्या बायोसायन्सेस अँड बायोइंजिनिअरिंगसारख्या विभागांकडे बघ. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे. रक्तस्रावाच्या आजारांवर तिथे संशोधन चालतं. उन्हाळ्यात काम करू द्याल का, असं पत्र आत्ताच पाठव. जीवशास्त्राची भीती बाळगू नकोस, पण प्लेटलेट आणि प्रथिनं मात्र मुळापासून वाच.

नोकरीचंही स्पष्ट सांगते. ‘वाहत्या रक्तातल्या प्लेटलेट’ अशी जाहिरात तुला कुठे दिसणार नाही. पण स्टेंट, कृत्रिम झडप, डायलिसिसचा फिल्टर, रक्ताला टेकणाऱ्या अशा प्रत्येक वस्तूवर गुठळी होते का, हे तपासावंच लागतं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा या वैद्यकीय संस्थेने बनवलेली हृदयाची झडप 1990 मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली. त्यामागे डॉक्टरांइतकेच इंजिनिअर आणि पदार्थवैज्ञानिक राबले होते.

सुरुवात आजच कर, रक्ताला हात न लावता. रक्तावरचे प्रयोग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, एथिक्स कमिटीच्या परवानगीनेच होतात. 500 मायक्रॉन रुंद आणि 50 मायक्रॉन उंच वाहिनी धर, तिच्यातून मिनिटाला 20 मायक्रोलीटर द्रव सोड. भिंतीवरचा शिअर रेट म्हणजे प्रवाहाची सहापट भागिले (रुंदी गुणिले उंचीचा वर्ग). उत्तर सेकंदाला 1600 येईल, म्हणजे बारीक धमनीएवढं. आता उंची निम्मी करून पुन्हा काढ. आकडा चौपट का होतो, ते स्वतःच्या शब्दांत लिही आणि परळला जाणाऱ्या पत्रासोबत तो कागद जोड.