एकच इंग्रजी शब्द पोलिशमध्ये चार ठिकाणी चार तऱ्हेने का लिहावा लागतो

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ग्रंथालयातील पुस्तकांच्या देवघेवीसाठी तुम्ही पायथनमध्ये एक प्रणाली लिहून ती सर्वांसाठी खुली केली आहे. तिचे मराठी भाषांतर तुम्ही स्वतः केले. आता पोलंडमधील एका स्वयंसेवकाने पोलिश भाषांतर हाती घेतले आहे आणि 'इश्यू', 'कॉपी', 'रिटर्न', 'अव्हेलेबल' अशा साध्या शब्दांपुढे प्रश्नचिन्हे टाकून फाइल तुमच्याकडे परत पाठवली आहे. मराठीत जे विनातक्रार चालले ते पोलिशमध्ये का अडते, आणि त्यातल्या त्यात जवळचा अर्थ निवडून पुढे जा असे त्यांना सांगता येईल का, असे तुम्ही विचारता.

तसे कृपया सांगू नका. त्या गृहस्थांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर फक्त तुमच्यापाशी आहे. तुम्ही वापरता त्या गेटटेक्स्ट पद्धतीत, म्हणजे कोडमधील मजकूर भाषांतरासाठी वेगळ्या फाइलमध्ये काढण्याच्या पद्धतीत, मूळ इंग्रजी मजकूर हाच नोंदीची ओळख असतो. 'इश्यू' हा शब्द तुमच्या कोडमध्ये सहा ठिकाणी आला असला तरी भाषांतरकाराच्या फाइलमध्ये त्याची एकच नोंद तयार होते आणि तिच्यापुढे एकच पोलिश शब्द लिहिता येतो. त्यांनी कितीही विचार करून तो शब्द निवडला, तरी उरलेल्या ठिकाणी तो चुकीचाच दिसणार.

'इश्यू' याच शब्दाकडे नीट पाहू. आपल्याकडच्या ग्रंथालयीन इंग्रजीत वाचकाला पुस्तक देणे म्हणजे 'इश्यू' करणे, आणि तुमच्या देवघेव पटलावरील बटणावर तोच शब्द आहे. तिथे पोलिशमध्ये 'विपोझिच' हे आज्ञार्थी क्रियापद हवे. नियतकालिकांच्या यादीत 'इश्यू' म्हणजे अंक, तिथे 'नूमेर' हे नाम हवे. मदतीच्या पानावर वापरणाऱ्याने अडचण नोंदवायची आहे, तिथे 'प्रोब्लेम' किंवा तक्रारनोंद या अर्थाचा शब्द हवा. या तिन्हींमध्ये अर्थाचे काही नाते नाही. मराठीतही तुम्हाला 'द्या', 'अंक' आणि 'अडचण' असे तीन शब्द लागायला हवे होते. तुम्ही सगळीकडे 'इश्यू' असेच देवनागरीत ठेवले म्हणून ते निभावले.

याच बटणाच्या बाबतीत उलट दिशेची एक अडचणही आहे. पुस्तक देणे आणि पुस्तक नेणे यांसाठी इंग्रजीत वेगळी क्रियापदे आहेत. पोलिशमधील 'पोझिचिच' आणि 'विपोझिचिच' ही क्रियापदे मात्र दोन्हीकडे चालतात आणि कोणी कोणाला दिले हे सोबतच्या शब्दांवरून कळते. त्यामुळे तुमच्या 'मी दिलेली' आणि 'मी घेतलेली' या दोन टॅबांवर एकेकटा शब्द ठेवला, तर पोलिश वाचकाला दोन्हीकडे एकच शीर्षक दिसेल. तिथे 'कोणाला तरी' किंवा 'कोणाकडून तरी' या अर्थाचे 'कोमुश' किंवा 'ओद कोगोश' जोडावे लागते आणि शीर्षक लांबते. टॅबची रुंदी इंग्रजी शब्दाच्या मापाने ठरवली असेल तर ती आताच मोकळी करून ठेवा.

'कॉपी' आणि 'रिटर्न' यांचे थोडक्यात सांगतो. पुस्तकाची प्रत म्हणजे 'एग्झेम्प्लाश', फाइलची नक्कल म्हणजे 'कोप्या', आणि मजकूर नकलून घेण्याची आज्ञा म्हणजे 'कोप्युय'. पुस्तक परत करा याला 'झ्व्रुच', परतीच्या व्यवहाराचे नाव 'झ्व्रोत', आणि यादीकडे परत जा याला 'पोव्रुत' किंवा 'व्रुच'. मराठीतील 'परत' हा शब्द पुस्तकालाही चालतो आणि मागच्या पानावर जाण्यालाही चालतो, म्हणून तुमच्या मराठी आवृत्तीत ही फट कधी दिसलीच नाही. 'व्हॉल्यूम' हा शब्दही तुमच्या यादीत आहे: ग्रंथाचा खंड म्हणजे 'तोम', नियतकालिकाचा वर्षभराचा संच म्हणजे 'रोच्निक', आणि बोलत्या पुस्तकांच्या पटलावर आवाजाची पातळी म्हणजे 'ग्वोश्नोश्च'.

आता 'अव्हेलेबल' घेऊ, कारण हा प्रकार निराळा आहे. येथे अर्थ एकच आहे, तरीही एक शब्द पुरत नाही. पोलिशमध्ये मराठीप्रमाणेच तीन लिंगे आहेत आणि विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते. पुस्तक, म्हणजे 'क्शोंश्का', स्त्रीलिंगी आहे, म्हणून 'दोस्तेम्प्ना'. 'एग्झेम्प्लाश' पुल्लिंगी, म्हणून 'दोस्तेम्प्नी'. नियतकालिक, म्हणजे 'चासोपिस्मो', नपुंसकलिंगी, म्हणून 'दोस्तेम्प्ने'. मराठीत 'उपलब्ध' हे विशेषण बदलत नाही, त्यामुळे तुमच्या तिन्ही याद्यांत ते सुखेनैव बसले. तुम्ही 'नवा', 'नवी', 'नवे' असे विशेषण वापरले असते तर हीच अडचण तुम्हाला मराठीत पहिल्याच दिवशी भेटली असती. 'न्यू', 'अननोन', 'डिफॉल्ट', 'ऑल' हे सारे शब्द याच जातीचे आहेत. 'काहीच नाही' या अर्थाच्या 'नन' या शब्दासाठी पोलिश भाषांतरकार अनेकदा लिंगभेद टाळणारा 'ब्राक', म्हणजे अभाव, हा शब्द वापरतात. प्रत्येक शब्दाला अशी पळवाट नसते आणि तिची अपेक्षा धरून मूळ मजकूर लिहू नये.

उपाय तसा सोपा आहे. गेटटेक्स्टमध्ये मजकुरासोबत संदर्भ देण्याची सोय २००६ सालच्या ०.१५ या आवृत्तीपासून आहे आणि पायथनच्या स्वतःच्या गेटटेक्स्ट मॉड्यूलमध्ये त्यासाठीचे 'पीगेटटेक्स्ट' हे फंक्शन ३.८ या आवृत्तीपासून मिळते. त्याला दोन गोष्टी द्यायच्या: आधी संदर्भ, मग मजकूर. 'देवघेव बटण' या संदर्भातला 'इश्यू' आणि 'नियतकालिकाचा अंक' या संदर्भातला 'इश्यू' या मग दोन स्वतंत्र नोंदी होतात. संदर्भ अर्थात इंग्रजीत लिहा, म्हणजे सर्व भाषांच्या भाषांतरकारांना तो वाचता येईल. वापरणाऱ्याच्या पडद्यावर तो कधीच दिसत नाही.

येथे एक गल्लत फार वेळा होताना मी पाहतो. कोडमध्ये भाषांतरकारासाठी टीप लिहिली म्हणजे काम झाले असे अनेकांना वाटते. टीप फाइलमध्ये उतरते आणि ती उपयोगीही आहे, पण तिने नोंद फुटत नाही. तीन ठिकाणच्या तीन टिपा एकाच नोंदीवर एकाखाली एक येऊन बसतात, आणि भाषांतरकाराला कळते एवढेच की आपण काहीही लिहिले तरी दोन ठिकाणी चुकणार आहे. नोंद वेगळी हवी असेल तर संदर्भच लागतो. नोंद एकच असून ती समजावून सांगायची असेल तेव्हा टीप पुरते.

नोंदी कुठे वेगळ्या करायच्या याबद्दल माझे मत असे की विभागणी पडद्यानुसार करू नये. अर्थ, शब्दाची जात आणि तो ज्या नामाला लागतो ते नाम, एवढ्यावरच ती करावी. 'सेव्ह' हे बटण दहा पडद्यांवर असले तरी सगळीकडे 'झापिश' हेच येणार. त्याचे दहा तुकडे करणे म्हणजे स्वयंसेवकाचा वेळ वाया घालवणे आहे. उलट 'सर्च' हा शब्द एकाच पडद्यावर शीर्षक म्हणूनही असेल आणि बटण म्हणूनही असेल, तर तिथे दोन नोंदी हव्यात, कारण शीर्षकाला 'विशुकिवान्ये' हे नाम आणि बटणाला 'शुकाय' हे आज्ञार्थी रूप लागते. एक-दोन शब्दांच्या प्रत्येक मजकुराला मी डोळे मिटून संदर्भ देतो. पूर्ण वाक्याला तो क्वचितच लागतो, कारण वाक्य स्वतःच पुरेसे सांगते.

तुमच्या कोडमध्ये मला आणखी एक गोष्ट दिसली आणि ती शब्दांपेक्षा अधिक त्रास देईल. 'अमुक सापडले नाही' हा संदेश तुम्ही एका साच्यातून तयार करता आणि अमुकच्या जागी 'बुक', 'कॉपी' किंवा 'जर्नल' हा सुटा शब्द भरता. मराठीत हा साचा क्रियापदापाशी मोडतो: पुस्तक सापडले नाही, प्रत सापडली नाही, अंक सापडला नाही. पोलिशमध्ये क्रियापद 'न्ये झ्नालेझ्योनो' असे स्थिर राहते, पण नकारामुळे नामाला षष्ठी लागते, म्हणून 'क्शोंश्का' चे 'क्शोंश्की', 'एग्झेम्प्लाश' चे 'एग्झेम्प्लाझा' आणि 'चासोपिस्मो' चे 'चासोपिस्मा' होते. पोलिशमध्ये सात विभक्ती आहेत. सुटा शब्द साच्यात टाकल्यावर त्यांपैकी योग्य ती आपोआप लागत नाही. तीन नामांसाठी तीन पूर्ण वाक्ये लिहा. कोड थोडा लांबेल, तो लांबू द्या.

शाखांच्या नावांचेही तसेच आहे. कोल्हापूरचे 'कोल्हापुरात' होते तसे 'क्राकुफ' चे 'फ क्राकोव्ये' होते, आणि 'वुच' या शहरात म्हणायचे तर 'व वोजी' असे म्हणावे लागते, ज्यात मूळ नाव ओळखूही येत नाही. वाचकांची नावेसुद्धा विभक्तीने बदलतात आणि भूतकाळी क्रियापद कर्त्याचे लिंग दाखवते. मराठीत 'तू पुस्तक परत केलेस' या वाक्यात वाचक स्त्री की पुरुष हे कळत नाही. पोलिशमध्ये ते लपत नाही. म्हणून अनुभवी पोलिश भाषांतरकार 'झ्व्रुत्सोनो क्शोंश्के', म्हणजे पुस्तक परत केले गेले, अशी कर्ता नसलेली रचना करतात, किंवा 'वाचक', 'शाखा' अशी लेबले देऊन विसर्गचिन्हापुढे नाव मूळ रूपात ठेवतात. तुमचा मूळ मजकूरच लेबल आणि मूल्य अशा स्वरूपात असेल तर त्यांना ही कसरत करावी लागणार नाही.

संख्येसाठी तुम्ही 'बुक' पुढे कंसात बहुवचनाचा प्रत्यय लिहिला आहे, तो काढून संख्येनुसार योग्य रूप निवडणारे 'एनगेटटेक्स्ट' हे फंक्शन वापरा. पोलिशमध्ये पूर्णांकांसाठी तीन रूपे आहेत: १ ला 'क्शोंश्का', २ ते ४ ला 'क्शोंश्की', ५ ते २१ ला 'क्शोंझेक', आणि २२ ते २४ ला पुन्हा 'क्शोंश्की'. महिन्यांची नावे तर भाषांतराच्या फाइलमध्ये मुळीच ठेवू नका. मे महिना एकटा असताना 'माय' आणि तारखेत '५ माया' होतो, शिवाय इंग्रजीत 'मे' हा शब्द क्रियापदही आहे. ही दोन्ही रूपे युनिकोडच्या सीएलडीआर माहितीसंचात तयार आहेत आणि पायथनमध्ये बेबल या तयार कोडसंचामार्फत ती मिळतात.

तुम्ही मराठी भाषांतर स्वतः करता, याचा पुढे चांगला उपयोग होऊ शकेल. नवा मजकूर कोडमध्ये घालण्याआधी तो मराठीत लिहून पाहा, आणि त्या वेळी 'इश्यू', 'कॉपी' असे उसने शब्द न वापरण्याचे पथ्य पाळा. शब्दाचा अर्थ, त्याची जात आणि नामाचे लिंग या तीन ठिकाणच्या बहुतेक अडचणी तिथेच उघड होतील. 'उपलब्ध' आणि 'परत' यांसारखे शब्द मात्र निसटतील, आणि पोलिश अनेकवचनाची रूपे व नकाराची षष्ठी मराठीत दिसणारच नाही. त्यासाठी पोलिश स्वयंसेवकाला पडद्यांची चित्रे आणि चाचणीसाठी चालू आवृत्ती द्या.

एका व्यावहारिक परिणामाची कल्पना असू द्या. संदर्भ जोडला की जुनी नोंद आणि नवी नोंद एक राहत नाहीत. फाइल अद्ययावत करताना जुने भाषांतर नव्या नोंदीत आणले गेले तरी त्यावर 'फझी', म्हणजे तपासणी बाकी, अशी खूण बसते, आणि कोणी तपासून ती काढेपर्यंत ते भाषांतर पडद्यावर येत नाही. हे मराठीसह सर्व भाषांना लागू आहे. म्हणून हे सगळे बदल एकदाच, पुढील आवृत्तीच्या बऱ्याच आधी करा आणि सर्व भाषांतरकारांना कळवा. संदर्भाचे शब्द एकदा ठरले की त्यांतील स्पेलिंग सुधारण्याचा मोहही टाळा, कारण संदर्भ हा नोंदीच्या ओळखीचा भाग असतो आणि एक अक्षर बदलले तरी प्रत्येक भाषेतील ती नोंद पुन्हा तपासावी लागते.